पचनाचे पडद्याआडचे साथीदार : यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड

आपण खाल्लेल्या अन्नाचा मार्ग शालेय पुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. मुख, घसा, अन्ननलिका, जठर, लहान आतडे आणि मोठे आतडे अशा क्रमाने अन्न पुढे सरकत जाते. मात्र या मार्गाच्या कडेला असे काही अवयव आहेत की ज्यांच्यातून अन्नाचा एक कणही जात नाही आणि तरीही ज्यांच्यावाचून अन्नाचे पचन होऊ शकत नाही. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड हे ते अवयव होत. दात आणि जीभ यांचीही गणना याच गटात केली जाते. शरीरशास्त्रात या सर्वांना पचनसंस्थेचे सहायक अवयव असे म्हणतात.

'सहायक' या शब्दावरून त्यांचे स्थान दुय्यम असावे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जठर पूर्णपणे काढून टाकल्यानंतरही योग्य काळजी घेऊन रुग्ण अनेक वर्षे जगू शकतो, परंतु यकृतावाचून माणूस जगू शकत नाही. शिवाय यकृत आणि स्वादुपिंड या अवयवांचा एक स्वभाव असा की, बिघाड बराच वाढेपर्यंत ते सहसा तक्रार करीत नाहीत. म्हणूनच त्यांचे कार्य समजून घेणे, हा केवळ ज्ञानाचा नव्हे तर आरोग्याचाही प्रश्न आहे.

भाषेने केलेला घोटाळा

या अवयवांविषयीच्या गैरसमजांना आपली रोजची भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. 'काळीज' हा शब्द आपण हृदयाच्या अर्थाने वापरतो. काळजाला घर पडते, काळीज धडधडते. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितले की मिळते ते यकृत.

'पित्त' या शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जेवणानंतर छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की 'पित्त झाले' असे म्हटले जाते. वास्तविक ती जळजळ बहुधा जठरातील आम्लामुळे होत असते. अंगावर खाज सुटून गांधी उठल्या की 'पित्त उठले' असे म्हणतात. तो प्रकार बव्हंशी ॲलर्जीचा असतो. यकृतात तयार होणारा पित्तरस हा या दोहोंपेक्षा निराळा असून तो आम्लधर्मी नाही, तर किंचित अल्कधर्मी आहे. या घोटाळ्याचा परिणाम असा होतो की, पित्ताशयातील खड्यांमुळे पोटात दुखत असतानाही कित्येक जण महिनोन्‌महिने आम्लनाशक गोळ्या घेत राहतात आणि खऱ्या दुखण्याचे निदान लांबते.

मुखातील पूर्वतयारी

पचनाची सुरुवात मुखातच होते. बालकाला दुधाचे २० दात येतात आणि प्रौढ माणसाला ३२ कायमचे दात असतात. दातांवरील चकाकणारे आवरण हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. दात अन्नाचे बारीक तुकडे करतात, जीभ त्यांना घोळवून त्यांचा मऊ घास बनवते आणि लाळ त्यात मिसळत राहते.

लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या आहेत. एक जोडी कानांच्या पुढे व खाली, दुसरी खालच्या जबड्याच्या आत आणि तिसरी जिभेच्या खाली असते. गालगुंड झाले असता गाल सुजतात, ते कानांजवळच्या ग्रंथींना विषाणूचा संसर्ग झाल्यामुळे. या सर्व ग्रंथी मिळून दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ तयार करतात. लाळेतील विकर पिष्टमय पदार्थांचे रूपांतर साखरेत करू लागते. भाकरीचा किंवा पोळीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागतो, त्याचे कारण हेच आहे. लाळेमुळे दातांचे आम्लापासून रक्षण होते आणि तोंडातील जंतूंनाही काही प्रमाणात आळा बसतो.

चिंच नुसती डोळ्यांपुढे आणली तरी तोंडाला पाणी सुटते. पचनग्रंथींवरील मज्जासंस्थेच्या या नियंत्रणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी केला आणि पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृत : सारा माल आधी येथे

छातीच्या पडद्याखाली, उजव्या बरगड्यांच्या आड वसलेले यकृत हा शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव असून प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते. त्याला होणारा रक्तपुरवठा वैशिष्ट्यपूर्ण आहे. इतर अवयवांना केवळ रोहिणीमार्फत रक्त मिळते. यकृताकडे मात्र दोन वाटांनी रक्त येते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी, जठर, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून एका मोठ्या शिरेवाटे येते. या शिरेला प्रतिहारी शीर म्हणतात. प्रतिहारी म्हणजे द्वारपाल, आणि हे नाव सार्थ आहे. आतड्यात शोषली गेलेली साखर, प्रथिनांचे घटक, औषधे, मद्य आणि विषारी द्रव्ये शरीरभर पसरण्यापूर्वी प्रथम यकृताच्या तपासणीतून जातात.

जेवणानंतर रक्तातील जादा साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि उपवासाच्या किंवा झोपेच्या काळात ती पुन्हा रक्तात सोडते. रात्रभर काही न खाताही सकाळी मेंदूला साखर कमी पडत नाही, ती या कोठारामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी यकृताचे हे कार्य उघडकीस आणले. रक्त गोठण्यास आवश्यक असणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होतात. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या घातक अमोनियाचे रूपांतर युरियात करून तो मूत्रावाटे बाहेर टाकण्याची व्यवस्थाही यकृतच करते. 'अ' आणि 'ब-१२' जीवनसत्त्वांचा तसेच लोहाचा साठा येथेच असतो.

पचनाच्या दृष्टीने यकृताचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पित्तरसाची निर्मिती. दररोज साधारणपणे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो. त्यात कोणतेही पाचक विकर नसते. मग त्याचा उपयोग काय? तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावावा लागतो. साबण तेलाचे बारीक थेंब करतो आणि मग पाणी ते वाहून नेते. पित्तरसातील क्षार आतड्यातील तेला-तुपावर नेमकी हीच क्रिया करतात. स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म थेंब झाल्यावरच त्यांच्यावर स्वादुपिंडातील विकराचा प्रभाव पडू शकतो. विशेष म्हणजे काम झाल्यावर हे क्षार वाया जात नाहीत. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन पुन्हा यकृताकडे परततात.

पित्ताशय : छोटी पिशवी, मोठे दुखणे

यकृताच्या खालच्या बाजूस नासपतीच्या आकाराची एक छोटी पिशवी असते. तिला पित्ताशय म्हणतात. पित्तरस येथे तयार होत नाही. तो केवळ साठवला जातो आणि त्यातील पाणी शोषून घेऊन तो दाट केला जातो. या पिशवीत साधारणपणे ३० ते ५० मिलिलिटर पित्तरस मावतो. स्निग्ध आहार लहान आतड्यात पोहोचला की तेथून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते, पित्ताशय आकुंचन पावते आणि दाट पित्तरस आतड्यात उतरतो.

पित्तरसातील कोलेस्टेरॉल आणि रंगद्रव्ये यांचे प्रमाण बिघडले की त्यांचे खडे बनतात. स्त्रियांमध्ये, स्थूल व्यक्तींमध्ये, तसेच फार झपाट्याने वजन घटविणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. अनेकांना या खड्यांचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही आणि अशा वेळी बहुधा शस्त्रक्रियेची गरजही नसते. पण खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला तर उजव्या बरगड्यांखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळा येतात. जेवणानंतर, विशेषतः रात्री उठणारी आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी वेदना ही याची खूण मानली जाते.

वारंवार त्रास देणारे पित्ताशय काढून टाकणे हाच यावरील खात्रीचा उपाय ठरतो. पित्ताशय काढल्यावर पित्तरस यकृतातून थेट आतड्यात येत राहतो आणि बहुतेकांचे पचन सुरळीत चालते. पूर्वी यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागत असे. १९८५ मध्ये जर्मनीत प्रथमच दुर्बिणीच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया झाली आणि भारतात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती केली. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यातील स्त्रियांमध्ये, पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण देशाच्या इतर भागांपेक्षा बरेच जास्त आहे. त्यामुळे तेथील रुग्णांनी दीर्घकाळच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे अधिक धोक्याचे ठरते.

स्वादुपिंड : एक अवयव, दोन कामे

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे पसरलेले स्वादुपिंड सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते. ते रोज एक लिटरहून अधिक पाचकरस आतड्यात पाठवते. या रसातील बायकार्बोनेटमुळे जठरातून आलेल्या अन्नाची आम्लता नाहीशी होते, आणि त्यातील विकरे पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींचे पचन घडवून आणतात.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रथिने पचविणारा हा रस प्रथिनांनीच बनलेल्या स्वादुपिंडाला का पचवीत नाही? निसर्गाने त्यासाठी एक युक्ती योजली आहे. ही विकरे निष्क्रिय स्वरूपात तयार होतात आणि आतड्यात पोहोचल्यावर तेथील एका विकराच्या स्पर्शाने ती सक्रिय होतात. ही व्यवस्था कोलमडली आणि विकरे आतच सक्रिय झाली, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. या तीव्र स्वादुपिंडदाहात जिवाला धोका संभवतो. याची दोन प्रमुख कारणे म्हणजे अतिमद्यपान आणि पित्ताचे खडे.

पित्ताच्या खड्यांचा स्वादुपिंडाशी संबंध कसा, हे रचना पाहिल्यावर लक्षात येते. यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका या बहुसंख्य माणसांत शेवटी एकत्र येतात आणि एकाच मुखाने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उघडतात. पित्ताशयातून निसटलेला एखादा खडा या सामाईक मुखाशी अडकला, की वरच्या दोन्ही वाटा तुंबतात. परिणामी एकीकडे कावीळ होते, तर दुसरीकडे स्वादुपिंडाला सूज येते.

स्वादुपिंडाच्या पाचकरसाला आतड्याकडून निरोप कसा मिळतो, याचा शोध १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लावला. हा निरोप मज्जातंतूंमार्फत नव्हे, तर रक्तातून जाणाऱ्या एका रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचतो, असे त्यांनी दाखवून दिले. 'सिक्रेटिन' हे ते द्रव्य. संप्रेरकांच्या शास्त्राचा पाया अशा रीतीने पचनसंस्थेच्या अभ्यासातून घातला गेला.

स्वादुपिंडाचे दुसरे काम म्हणजे इन्शुलिनची निर्मिती. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे विखुरलेले छोटे पुंजके पाहिले. १८८९ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, असे आढळले. त्यानंतर १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे करण्यात यश मिळविले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत मृत्यूचे दुसरे नाव असलेला बालवयातील मधुमेह तेव्हापासून उपचारसाध्य झाला.

भारतात स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचा अभ्यास केरळमध्ये झाला. तरुण वयात पोटदुखी, स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह असे त्याचे स्वरूप असून डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांची तपशीलवार नोंद केली. एकेकाळी टॅपिओका हे खाद्य त्याला जबाबदार धरले जात होते. पुढील संशोधनात काही जनुकीय दोषांचा त्याच्याशी संबंध असल्याचे आढळून आले.

कावीळ : रोग नव्हे, लक्षण

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्यावर पिवळे रंगद्रव्य तयार होते. यकृत ते पित्तरसात मिसळून शरीराबाहेर टाकते. मळाला येणारा रंग याच द्रव्यापासून येतो. पेशी प्रमाणाबाहेर मोडू लागल्या, यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, तर हे रंगद्रव्य रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. कावीळ हे असे तीन निरनिराळ्या बिघाडांचे समान लक्षण आहे. मळ पांढुरका होणे आणि अंगाला सतत खाज सुटणे ही चिन्हे पित्ताची वाट अडल्याचे सुचवितात.

दूषित पाण्यातून पसरणारी विषाणूजन्य कावीळ आपल्या देशाला चांगलीच परिचित आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत मोठी साथ उद्भवली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ 'हिपॅटायटिस-ए' ची असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. जतन केलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली तेव्हा हा विषाणू वेगळाच असल्याचे दिसून आले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. आज हा विषाणू 'हिपॅटायटिस-ई' या नावाने ओळखला जातो. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो विशेष घातक ठरतो.

'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. नेमक्या याच गोष्टीमुळे कावीळ 'उतरविणाऱ्यां'चा व्यवसाय चालतो. गळ्यात घातलेली माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि कावीळ उतरत असल्याचे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात माळेतील ओल्या काड्या सुकून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती भिंतीवर टांगली तरीही लांबेल. ज्याची कावीळ अशीही बरी होणार होती, तो माळेचे गुण गातो. ज्याची पित्तनलिका खड्याने किंवा गाठीने अडली आहे, त्याचे मात्र मोलाचे दिवस वाया जातात.

'हिपॅटायटिस-बी' आणि 'सी' हे विषाणू रक्तावाटे, दूषित सुयांवाटे आणि मातेकडून बालकाला होतात. 'बी' चा प्रसार लैंगिक संबंधातूनही होतो. ते शरीरात वर्षानुवर्षे दडून राहून यकृताचा सिऱ्हॉसिस आणि कर्करोग घडवू शकतात. 'बी' विरुद्धची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०११ पर्यंत देशभर लागू झाली असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे अपेक्षित आहे. 'सी' वर लस नाही, पण तोंडाने घ्यावयाच्या औषधांनी बहुसंख्य रुग्ण साधारण तीन महिन्यांत पूर्ण बरे होऊ शकतात. या आजारांच्या मोफत तपासणी व उपचारांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

मद्य न घेताही बिघडणारे यकृत

यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाचा परिणाम, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. मद्याला कधीही न शिवलेल्या असंख्य व्यक्तींच्या यकृतात चरबी साचल्याचे आढळते. पोटाचा वाढता घेर, मधुमेह, बैठे काम आणि साखर व तळलेल्या पदार्थांचा अतिरेक ही त्याची प्रमुख कारणे होत. बहुतेकांत ही चरबी निरुपद्रवी राहते. काहींमध्ये मात्र तिच्यामुळे दाह होतो, यकृतात व्रणासारखे तंतू तयार होतात आणि अखेर सिऱ्हॉसिस उद्भवतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला.

दिलासा देणारी बाब अशी की, प्रारंभीच्या अवस्थेत हा बिघाड उलटविता येतो. शरीराचे वजन सात ते दहा टक्क्यांनी कमी झाल्यास यकृतातील चरबी आणि दाह या दोहोंत लक्षणीय सुधारणा होते. यकृताची पुन्हा वाढण्याची क्षमता तर विलक्षण आहे. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून जवळपास मूळ आकारमानाला पोहोचतो. त्यामुळेच जिवंत दाता आपल्या यकृताचा काही भाग आप्ताला देऊ शकतो. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाल्यानंतर १९९८ मध्ये दिल्लीत देशातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण पार पडले. परंतु सिऱ्हॉसिसने कठीण झालेल्या यकृताची ही क्षमता क्षीण होत जाते.

काय लक्षात ठेवावे

पाणी स्वच्छ असल्याची खात्री नसेल तर ते उकळून प्यावे. नवजात बालकाला पहिल्याच दिवशी हिपॅटायटिस-बीची लस मिळाली का, याची चौकशी करावी. मद्यपान टाळावे. पॅरासिटामॉलसारखे नेहमीचे औषधही प्रमाणाबाहेर घेतल्यास यकृताला गंभीर इजा करते. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते असल्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाण्याचा धोका असतो. वनस्पतीजन्य म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड निर्धोक असते, असे मानू नये. मधुमेह किंवा स्थूलता असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने यकृताची तपासणी करून घ्यावी.

डोळे पिवळे दिसणे, मळ पांढुरका होणे, पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी असह्य वेदना, रक्ताची उलटी किंवा कारण नसताना घटणारे वजन यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. हे अवयव उशिरा बोलतात. त्यांनी दिलेली पहिली सूचनाच पुष्कळदा उपचारांसाठी मिळालेली सर्वांत मोलाची संधी असते.